बोअरच्या पाण्यात कापडी डायपर कसे धुवावेत

कापडी डायपर धुणं अवघड नाही. अवघड आहे ते आपल्याकडच्या पाण्यात धुणं. बेळगाव शहरात राकसकोप किंवा हिडकल धरणाचं पाणी येत असेल, तर डायपरसोबत आलेल्या सूचना पाळल्या तरी निभावतं. पण चिकोडी, रायबाग, अथणीकडे बोअरवर घर चालत असेल, तर त्याच सूचना महिन्याभरात फसतात. डायपर धुऊन स्वच्छ दिसतो, कोरडा असताना वासही येत नाही, पण बाळानं शू केली की दोन मिनिटांत डोळे चुरचुरतील असा वास सुटतो. आणि मग सगळा दोष कापडावर जातो.

आधी सोप्या गोष्टी. नवे सुती किंवा बांबूचे पॅड, म्हणजे कव्हरच्या आत बसणारी शू शोषणारी घडी, वापरण्याआधी चार-पाच वेळा धुवा, धाग्यातलं नैसर्गिक तेल गेल्याशिवाय ते पाणी पीत नाहीत. मळके डायपर पाण्यात बुडवून ठेवू नका, जाळीच्या टोपलीत कोरडेच टाका आणि दुसऱ्या दिवशी धुवा. नुसत्या अंगावरच्या दुधावर असलेल्या बाळाची शी पाण्यात विरघळते. वरण-भात, नाचणीची पेज सुरू झाली की शी आधी संडासात झटकायची. पॅड कव्हरच्या खिशातून बाहेर काढायचे. चिकटपट्ट्या बंद करायच्या, नाहीतर सगळ्यांची माळ होते.

पहिलं पाणी गारच. गरम पाण्यात शीचा डाग पक्का बसतो. साबण न घालता एकदा खळबळून ते पाणी टाकून द्या.

आता मुख्य धुणं. इथेच बहुतेकांचं चुकतं.

पाणी किती जड आहे ते आधी पाहा. बाटलीत अर्धं पाणी घ्या, त्यात साध्या साबणाचा नखाएवढा कीस टाका आणि जोरात हलवा. फेस टिकला तर पाणी हलकं. फेस न येता पाणी दुधाळ झालं आणि वर साय तरंगली, तर पाणी जड. ती साय म्हणजे साबण आणि पाण्यातल्या कॅल्शियम-मॅग्नेशियमचा न विरघळणारा चोथा. हाच चोथा पॅडच्या धाग्यांत बसतो आणि शूचे अंश धरून ठेवतो. वरून धुतलेलं दिसतं, आत महिन्याभराचं साठलेलं असतं. म्हणून जड पाण्यात कपड्याच्या साबणाची वडी डायपरला लावायचीच नाही, कितीही जुनी सवय असो.

त्यावर 'डिटर्जंट चिमूटभरच घाला, बाळाची कातडी नाजूक असते' हा सल्ला सर्रास मिळतो. तो चुकीचा आहे. जड पाणी अर्धी पावडर स्वतःच खाऊन टाकतं, मग मळ काढायला उरतं काय? कातडीला त्रास धागे नीट न धुतल्यानं, नीट न खळबळल्यानं होतो. पाकिटावर जास्त मळक्या कपड्यांसाठी जेवढं माप दिलंय तेवढं पूर्ण घाला. पावडर साधी, मऊपणाचं रसायन न मिसळलेली असावी.

त्याआधी पाण्यात धुण्याचा सोडा (वॉशिंग सोडा) घालायचा. पंधरा-सोळा पॅडच्या मशीनभर पाण्याला दोन मोठे चमचे. आधी सोडा विरघळवा, पाच मिनिटं थांबा, मग डिटर्जंट घाला. हा क्रम उलटा केला तर कॅल्शियम आधी डिटर्जंटला गाठतो आणि सोडा नुसता वाया जातो. दुकानात मागताना नीट सांगा. कन्नड दुकानात नुसतं 'सोडा' म्हटलं तर अडगी सोडा, म्हणजे खायचा सोडा हातात पडतो. तो इथे पुरा पडत नाही. 'अरबी ओगियो सोडा', म्हणजे कपडे धुण्याचा सोडा, म्हणा. हाताला झोंबतो, म्हणून हातमोजे घाला, बादली ॲल्युमिनियमची नको, आणि डबा पोरांच्या हाती लागणार नाही असा ठेवा.

पॅडसाठी पाणी ६० अंशांच्या आसपास हवं. मशीनला हीटर नसेल तर बंबातलं कढत पाणी ओता आणि थोडं गार मिसळा. कव्हरच्या आतला प्लास्टिकचा थर फार गरम पाण्यानं लवकर खराब होतो, म्हणून कव्हरं वेगळी, ४० अंशांच्या आसपासच्या पाण्यात. ती उकळू नका, थर सोलून निघतो. ड्रम अर्ध्यापेक्षा थोडा जास्त भरा. रिकाम्या ड्रममध्ये कपडा कपड्याला घासत नाही आणि कोंबलेल्यात हलतच नाही. मध्येच करंट गेला तर डायपर साबणाच्या पाण्यात रात्रभर सोडू नका, काढून हातानं खळबळून घ्या.

खळबळणं दोनदा, बोअरवर तीनदा. संपलं की नाही हे अंदाजानं ठरवू नका. एक पॅड तांब्याभर स्वच्छ कोमट पाण्यात दाबून पिळा. फेस आला तर अजून एक पाणी. पावसाळ्यात खानापूरकडे पागोळ्यांचं पाणी फुकट मिळतं. कौलं पहिल्या दोन-तीन सरींनी धुऊन निघाली की ते साठवा आणि शेवटचं खळबळणं त्यातच करा. इतकं हलकं पाणी नळालाही येत नाही.

व्हिनेगर, डेटॉल, कम्फर्ट, यातलं काहीही नको. व्हिनेगरनं इलॅस्टिक आणि कव्हरचा थर लवकर जातो. जंतुनाशकाचा अंश राहिला तर बाळाला पुरळ उठतं. मऊ करणारं द्रव धाग्यावर मेणासारखं बसतं आणि पॅड पाणी प्यायचं थांबतो. रिठा स्वेटरला ठीक, डायपरला नाही. बोअरच्या पाण्यानं पॅड पापडासारखा कडक वाळला तर दोन्ही हातांनी चोळा, मऊ होतो.

वास आधीच बसला असेल तर एकदाच खोल धुवावं लागतं. आधी परीक्षा: कोरड्या पॅडवर पाण्याचा थेंब सोडा. तो लगेच आत जायला हवा. मोत्यासारखा वरच थांबला तर चिकटपणा बसलाय. त्याचं कारण बहुतेक वेळा साबण नसतो, तेल असतं. आजीनं बाळाला खोबरेल चोळलं आणि लगेच डायपर घातला, की तेल थेट पॅडमध्ये जातं. पुरळाच्या मलमाचंही तसंच. मालिश झाल्यावर तेल अंगात मुरू द्या किंवा मध्ये जुन्या सुती लुगड्याची पातळ घडी ठेवा.

खोल धुण्यासाठी प्लास्टिकच्या बादलीत १५ लिटर कढत पाणी, चार मोठे चमचे धुण्याचा सोडा, दोन चमचे डिटर्जंट. त्यात फक्त धुतलेले सुती पॅड चार तास ठेवा, अधूनमधून काठीनं ढवळा. पाणी गढूळ चहासारखं होतं, घाबरू नका. नंतर फेस संपेपर्यंत खळबळा. कव्हरं यात घालायची नाहीत. आणि हे दर आठवड्याचं काम नाही. महिन्यात दुसऱ्यांदा करावं लागलं तर रोजचं धुणं कुठे चुकतंय ते बघा.

रात्रभर घातलेल्या डायपरचा सकाळचा उग्र वास मात्र वेगळा, तो शूचाच असतो. ताज्या शूला लगेच वास येतो का, एवढंच पाहायचं.

वाळवणं: पॅड कडक उन्हात, पिवळे डाग तिथेच उडतात. कव्हरं सावलीत. जुलै-ऑगस्टमध्ये खानापूर, बेळगावात आठवडा-आठवडा ऊन दिसत नाही. तेव्हा जाड शिवलेले बांबूचे पॅड बाजूला ठेवा आणि एकपदरी लंगोट काढा. पंख्याखाली काही तासांत वाळतात आणि इस्त्री फिरवली की राहिलेली ओल जाते. शेगडीवर टोपली उलटी घालून वाळवू नका. धुराचा वास आणि काजळी दोन्ही कपड्यात बसतात, शिवाय बाळंतिणीच्या बंद खोलीत कोळसा पेटवणं जिवावर बेतू शकतं. घडी घालण्याआधी शिवणीची जाड कड गालाला लावून बघा. मधला भाग कोरडा वाटला तरी ती कड गार लागली, तर तो पॅड परत दोरीवर.