फॉग लाइट मिणमिणतात, स्विच तापतो: रिलेने सुटलं

गाडी २००३ची. बाहेरून बसवलेले फॉग लाइट पिवळट मिणमिणायचे, दहा मिनिटांत स्विचला हात लावला की चटका. बल्ब बदलले, स्विच दोनदा बदलला. आंबोली घाटात ऐन धुक्यात दोन्ही विझले, तेव्हा जाम वैतागलो.

५५ वॅटचे दोन बल्ब म्हणजे नऊ अँपिअरच्या वर करंट, आणि तो सगळा स्विचमधून! चार पिनांचा १२ व्होल्टचा रिले आणला, म्हणजे स्विचच्या जराशा करंटवर दिव्यांचा मोठा करंट चालू-बंद करणारी डबी. आधी बॅटरीची निगेटिव्ह काढली. प्लसवरून पिन ३० (हे आकडे रिलेच्या पिनांचे), मध्ये बॅटरीजवळच १५ अँपिअरचा फ्यूज. ८७ वरून दिव्यांना अडीच एमएमची वायर. पार्किंग लाइटच्या वायरवरून स्विच, तिथून ८६. ८५ बॉडीला. दिव्यांच्या अर्थिंगखालचा रंग पत्रा चकाकेपर्यंत पॉलिश पेपरने घासला; निम्मं दुखणं तिथंच होतं.