आरएस-४८५ साठी आयसोलेटेड सप्लाय कसा निवडायचा

बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत मी कंट्रोल पॅनल बांधतो. तिथल्या एका फौंड्रीतनं फोन आला, "फर्नेस चालू केली की मीटर कॉम्प्युटरवर दिसंनात." शेड आणि ऑफिसची अर्थिंग वेगळी, मधे आरएस-४८५ ची, म्हणजे दोन वायरींवरनं मीटरचा डेटा नेणाऱ्या लाइनची, २०० मीटर केबल. दोन्हीकडच्या ग्राउंडमधला फरक एसीवर मोजला. फर्नेस बंद असताना २ व्होल्ट, चालू झाल्यावर १९. आरएस-४८५ च्या चिपला तिच्या ग्राउंडच्या मानानं लाइनवर उणे ७ ते अधिक १२ व्होल्टपर्यंतच चालतं, त्यापुढं ती गोंधळते किंवा जळते.

मीटर या लाइनला जोडणाऱ्या कार्डात ऑप्टोकपलर (प्रकाशानं सिग्नल पलीकडं नेणाऱ्या चिप) मीच घातले होते. पण त्यांच्या दोन्ही बाजूंना ५ व्होल्ट एकाच एसएमपीएसमधनं (पॉवर सप्लायमधनं) दिलेले. म्हणजे सिग्नल तोडला आणि ग्राउंड जोडलेलंच राहिलं. बसच्या, म्हणजे केबलच्या बाजूला स्वतंत्र आयसोलेटेड डीसी-डीसी मॉड्यूल (दोन्हीकडचं ग्राउंड न जोडता सप्लाय देणारं) लागतंच.

ते घेताना आधी करंट काढा. केबलच्या दोन टोकांना १२०-१२० ओहमचे टर्मिनेशन रेझिस्टर, म्हणजे ड्रायव्हरला दिसतात ६०. त्यावर तो २ ते ३ व्होल्ट देतो, म्हणजे ३३ ते ५० मिलिअँप. बायस रेझिस्टर (लाइन गप्प असताना तिची पातळी धरून ठेवणारे), चिप आणि ऑप्टोचे १५-२० धरा. सगळे मिळून ७०. ५ व्होल्टचं १ वॅटचं मॉड्यूल २०० मिलिअँप देतं, ते भरपूर झालं.

"असू दे जास्तीचं" म्हणून २ वॅटचं घेऊ नका. स्वस्तातली मॉड्यूलं, बी०५०५एस सारखी, रेग्युलेटेड नसतात, म्हणजे लोड बदलला की त्यांचं व्होल्टेजही बदलतं. त्यांना क्षमतेच्या साधारण १० टक्के तरी लोड लागतो. बस गप्प असते तेव्हा लोड जेमतेम १० मिलिअँप, आणि आउटपुट ५ च्या वर चढतं. मॅक्स४८५ या आरएस-४८५ च्या चिपला हवेत ४.७५ ते ५.२५ व्होल्ट. म्हणून मी आउटपुटवर २७० ओहमचा पाव वॅटचा रेझिस्टर कायमचा सोल्डर करतो. त्यातनं १८ मिलिअँप जातात आणि व्होल्टेज जागेवर राहतं. थोडे पैसे जास्त घालायची तयारी असेल तर रेग्युलेटेड घ्या, ते उत्तमच. आउटपुटला मोठा कपॅसिटर मात्र लावू नका. डेटाशीटमधल्या मर्यादेपलीकडं गेलात तर मॉड्यूल सुरूच होत नाही.

"१००० व्होल्ट आयसोलेशन" हा आकडा बहुतेक वेळा एखाद्या सेकंदाच्या किंवा मिनिटाच्या चाचणीचा असतो. ग्राउंडमधला फरक तोडायला ते पुरतं. २३० व्होल्टपासून माणसाला वाचवायचं काम त्याच्या भरवशावर कधीही सोडू नका, तिथं रीइन्फोर्स्ड (दुहेरीच्या तोडीच्या) इन्सुलेशनचंच मॉड्यूल हवं.

फर्नेस किंवा व्हीएफडी (मोटरचा वेग बदलणारा ड्राइव्ह) जवळ असेल तर आयसोलेशन कपॅसिटन्स, म्हणजे मॉड्यूलच्या दोन बाजूंमधला कपॅसिटन्स बघा. जितके पिकोफॅरड कमी तितका नॉइज कमी पलीकडं जातो. दोन वेगळ्या पोर्टना एकच मॉड्यूल वाटून देऊ नका, ते पोर्ट परत एकमेकांना जोडले जातात.

ए आणि बी या सिग्नलच्या दोन वायरींसोबत तिसरी वायर ओढा, आयसोलेटेड बाजूचं ग्राउंड त्यातनं न्या. वळवाच्या विजांसाठी टीव्हीएस डायोडही (व्होल्टेजचा झटका गिळणारे) त्याच ग्राउंडला.

शेवटी सप्लाय बंद करून, केबल काढून दोन्ही बाजूंच्या ग्राउंडमध्ये कंटिन्युइटी बघा. बीप वाजला तर मी सगळ्यात आधी पीसीबीचे माउंटिंग स्क्रू सोडवतो. स्क्रूखाली ग्राउंडचा ट्रॅक आलेला असतो, आणि स्टँडऑफमधनं (बोर्ड उचलून धरणाऱ्या धातूच्या खांबांमधनं) दोन्ही बाजू पॅनलच्या पत्र्याला लागलेल्या असतात.