कराटे, ज्युदो का कुस्ती? मराठवाड्यात नव्याने शिकणाऱ्यांसाठी

जून लागला की आमच्या ज्युदो हॉलच्या पायऱ्यांवर पालक येऊन थांबतात आणि प्रश्न बहुतेकदा एकच असतो. "मॅडम, कराटे चांगलं का तायक्वांदो? लेकराला कशात घालावं?" मी लातुरात ज्युदो शिकवते, त्यामुळे "ज्युदोच घ्या" असं उत्तर त्यांना अपेक्षित असतं. मी आधी विचारते, कशासाठी शिकायचंय? मग विचारते, घरापासून रोज जाता येईल अशा अंतरावर काय आहे? या दोन प्रश्नांची खरी उत्तरं मिळाली की कलेचं नाव ठरवायला वेळ लागत नाही. नावापासून सुरुवात केलेली बरीच मुलं दिवाळीपर्यंत घरी बसलेली असतात, हे मी दरवर्षी बघते.

येणाऱ्यांची कारणं तोंडावर एक आणि मनात एक अशी असतात. वडील सांगतात, मोबाईल सुटावा म्हणून. आई जरा बाजूला घेऊन सांगते की पोरगी बारावीनंतर शहरात खोली करून राहणार आहे, तिला धीर यावा. पोलीस भरतीची तयारी करणारा मुलगा म्हणतो अंग मोकळं व्हावं. त्याला क्रीडा प्रमाणपत्राची आशा असते. शिकवण्यांसाठी आजूबाजूच्या जिल्ह्यांतून लातुरात आलेली नीटची मुलं येतात ती पाठ आणि मान अवघडली म्हणून, झोप लागत नाही म्हणून. चाळिशीतल्या बायका येतात, त्या कारणच सांगत नाहीत. घरच्या आणि नोकरीच्या रगाड्यातून दिवसाचा एक तास त्यांना स्वतःचा हवा असतो. यातलं एकही कारण हलकं नाही. पण भरतीसाठी आलेल्या मुलाला जे लागतं ते झोपेसाठी आलेल्या मुलीला लागत नाही.

भीतीपोटी येणारे सगळ्यात जास्त, म्हणून त्याबद्दल आधी सांगते. शाळा-कॉलेजात दोन-तीन दिवसांचं स्वसंरक्षण शिबिर होतं, ते जरूर करावं. मोठ्यानं ओरडणं, अंतर ठेवणं, हात सोडवून पळणं, 112 वर फोन करणं एवढं त्यातून कळतं. ते प्रत्यक्ष प्रसंगात आठवायला मात्र सवय लागते. कुणीतरी अंगावर येतंय, पकडतंय, ढकलतंय, आणि तरी आपलं डोकं चालू आहे, ही सवय फक्त दुसऱ्या माणसाशी रोज खरी झटापट करूनच होते. म्हणून धीर यावा या कारणासाठी आलेल्यांना मी एकच कसोटी सांगते: ज्या वर्गात जोडीदार खरा विरोध करतो तो वर्ग घ्या. कुस्ती, ज्युदो, बॉक्सिंग यांत तो असतोच. कराटे-तायक्वांदोत काही ठिकाणी असतो, काही ठिकाणी वर्ष वर्ष रांगेत उभं राहून हवेत हात-पाय मारणं चालतं.

आमच्याकडे पहिला काही काळ फक्त पडायला शिकवतात. ज्युदोत याला उकेमी म्हणतात. मागे पडताना हनुवटी छातीला, नजर स्वतःच्या पट्ट्याच्या गाठीवर, म्हणजे डोकं गादीला लागत नाही. हात अंगापासून थोडे बाहेर, तळव्यापासून कोपरापर्यंत सपाट, आणि पाठ टेकते त्याच क्षणी गादीवर जोरात थाप. श्वास रोखायचा नाही, सोडायचा. आधी बसून, मग उकिडवं, मग उभ्यानं, शेवटी दुसऱ्यानं उचलून टाकल्यावर. औसा तालुक्यातून एक मुलगी यायची. आपलं नाव सांगताना तिचा आवाज समोरच्यापर्यंत पोचत नसे. पडताना ती हात आखडून घ्यायची, थापेचा आवाज यायचाच नाही. एके दिवशी तो आला, सगळ्या हॉलला ऐकू जाईल असा, आणि ती उठून परत रांगेत जाऊन उभी राहिली, पुन्हा पडायला. त्यानंतर तिच्याशी बोलताना मला कान द्यावा लागला नाही. दुचाकी घसरली तेव्हा डोकं आपोआप आत गेलं, असं सांगायला येणारे विद्यार्थीही आहेत. मला विचाराल तर सामान्य माणसाच्या रोजच्या आयुष्यात ज्युदोतला हा भाग फेकण्यापेक्षा जास्त उपयोगी पडतो.

आता कुस्ती. मराठवाड्यात राहून कुस्तीचा विचार न करता थेट परदेशी नावांकडे जाणं मला पटत नाही. समर्थ रामदास जालना जिल्ह्यातल्या जांबचे. बलोपासना आणि मारुती हे नातं आपल्या मातीत फार जुनं आहे. अजूनही कितीतरी गावांत यात्रेच्या दुसऱ्या दिवशी फड भरतो, हलगी कडाडते, लहान पोरांच्या रेवड्यांवरच्या, नारळावरच्या कुस्त्यांनी सुरुवात होते आणि दिवस कलताना मोठ्या इनामाच्या जोडी लागतात. काळ्या मातीच्या या मुलखात हौद्यासाठी, म्हणजे कुस्तीच्या आखाड्यासाठी, तांबडी माती मुद्दाम आणावी लागते. ती चाळून घ्यायची, तिच्यात तेल, ताक, हळद, लिंबू घालायचं, रोज खोऱ्यानं उकरायची. हौदा उकरणं हाच पोरांचा पहिला व्यायाम, मग जोर, बैठका, आणि मगच लढत. खर्च म्हणाल तर लंगोट आणि खुराक. खुराक मात्र खरा खर्च आहे. दूध, तूप, बदाम घरच्या शेतीवर भागतं तेव्हा ठीक, दुष्काळी वर्षात तेच अवघड होतं, आणि चांगली पोरं तिथं गळतात. हे वस्तादाशी आधीच मोकळेपणानं बोलून घ्या.

बीड जिल्ह्यातल्या पाटोद्याच्या राहुल आवारेनं 2018 च्या राष्ट्रकुल स्पर्धेत 57 किलोत सुवर्ण आणि 2019 च्या जागतिक स्पर्धेत 61 किलोत कांस्य जिंकलं. हे मी मुलांना वारंवार सांगते, कारण पाटोदा त्यांना एसटीच्या पाटीवरून माहीत असतं. राहुल मातीतून वर आला, पण ही पदकं गादीवरची आहेत. मुलाला स्पर्धेत पुढे न्यायचं असेल तर तालमीत मातीबरोबर गादीही आहे का, हे बघायलाच हवं. महाराष्ट्र केसरीतही माती आणि गादी असे दोन विभाग असतात आणि दोन्हींचे विजेते शेवटी एकमेकांशी लढतात. मुलींसाठी तालमी वाढल्या आहेत, तरी प्रत्येक तालुक्यात नाहीत; जवळ नसेल तर ज्युदो हा चांगला पर्याय आहे.

या दोन्हींचं नातं जवळचं आहे. जिगोरो कानो यांनी 1882 मध्ये टोकियोत कोदोकान सुरू करून ज्युदोला रूप दिलं, पण आमच्याकडे तालमीतून आलेल्या मुलाला इप्पोन-सेओइ-नागे दाखवला की तो लगेच म्हणतो, "ही तर धोबीपछाड." बरोबरच आहे, पाठीवरून फेकण्याचं तत्त्व एकच. फरक कपड्याचा. ज्युदोत जाड सुती अंगरखा धरून लढायचं असतं, त्यामुळे ताकदीइतकंच पकडीला महत्त्व येतं. पैलवान मुलांना जड जातं ते पट काढणं, म्हणजे पाय धरून पाडणं, सोडून देणं. उभ्या लढतीत हातानं थेट पाय धरायला 2010 पासून बंधनं आली आणि पुढे ते पूर्ण बंद झालं. अंगात भिनलेला डाव असा बाजूला ठेवायला काही महिने जातात, पण हीच मुलं पुढे सगळ्यात पक्की होतात.

कराटे आणि तायक्वांदोचे वर्ग मराठवाड्यात सगळ्यात जास्त दिसतात. कारण सोपं आहे: गादी लागत नाही, शाळेचं मैदान किंवा मंगल कार्यालयाची गच्ची पुरते. सात-आठ वर्षांच्या मुलाला शिस्त, तोल, लवचीकपणा यासाठी दोन्ही उत्तम. ज्याला लाथांची ओढ आहे, उंची आहे, चपळाई आहे त्यानं तायक्वांदो घ्यावं. तिथं बुक्कीला 1 गुण, धडावरच्या लाथेला 2, डोक्यावरच्या लाथेला 3, यावरूनच खेळाचा कल कळतो. तो 2000 पासून ऑलिंपिकमध्ये पदकाचा खेळ आहे. कराटेचं मूळ ओकिनावा बेटावरचं, आणि शोतोकान, गोजू-र्‍यू, शितो-र्‍यू, वादो-र्‍यू अशा त्याच्या शैली आहेत. ऑलिंपिकमध्ये तो एकदाच होता, 2021 मध्ये झालेल्या टोकियो स्पर्धेत. 2024 च्या पॅरिसला नव्हता. ज्याला एकट्यानं, काटेकोर, एकेक हालचाल घासून घासून करायला आवडतं त्याला काता, म्हणजे हालचालींचा ठरलेला क्रम, फार समाधान देतो, आणि वय त्याच्या आड येत नाही.

इथं एक गोष्ट मात्र पोटतिडकीनं सांगायची आहे. पट्ट्यांचा बाजार. माझ्या ओळखीच्या एका घरातल्या मुलाला एका वर्गात दर दोन-तीन महिन्यांनी परीक्षा, दर परीक्षेला वेगळी फी, आणि नापास कुणीच नाही, असं करत काळा पट्टा मिळाला. त्याला नीट पडताही येत नव्हतं. आईनं त्या फीसाठी शिवणकामाचे पैसे बाजूला टाकले होते. काळ्या पट्ट्याला मनापासून शिकलं तरी वर्षं लागतात. वर्गात परीक्षा किती वेळा होते, तिची फी किती, आणि मागच्या वेळी कुणाला थांबवलं, हे तीन प्रश्न पहिल्याच दिवशी विचारा. चांगला शिक्षक त्यावर रागावत नाही.

नांदेडच्या लोकांना गतका, म्हणजे शिखांची शस्त्रकला, वेगळी सांगायला नको. 1708 मध्ये गुरू गोविंदसिंगजींनी तिथं देह ठेवला आणि हुजूर साहिबच्या परिसरात ही परंपरा जिवंत आहे. होला मोहल्ल्याच्या मिरवणुकीत शस्त्रांचे खेळ बघितले की पाय निघत नाही. शिकताना सुरुवात लाकडी सोटी आणि फरी म्हणजे ढालीनं होते. गतका आता खेलो इंडियातही आला आहे. आपल्याकडच्या लाठीकाठी आणि दांडपट्ट्याचंही तसंच. राज्य सरकारनं 2024 मध्ये दांडपट्ट्याला राज्यशस्त्राचा मान दिला, तेव्हापासून शिवजयंतीच्या पथकांत मुली हौसेनं येत आहेत. परंपरेची ओढ, ताल, सामूहिक सराव यासाठी हे शिका. दांडपट्टा फिरवताना मनगट आणि पाय यांचा जो मेळ लागतो तो इतर कुठे मिळत नाही. बॉक्सिंगबद्दल थोडक्यात: दम वाढवायला त्याच्याइतकं झटपट काही नाही, साहित्यही फार नाही, पण डोक्याला मार बसतो हे समजून घ्या आणि नवख्यांना लगेच पूर्ण जोरानं लढवणाऱ्या ठिकाणी जाऊ नका.

वर्ग निवडताना दोनदा जाऊन नुसतं बसा, एकदा न सांगता. नवीन मुलाकडे कोण लक्ष देतं? जोडीदाराने थाप मारली की पकड तत्काळ सुटते का? ज्युदोत आणि इतर झोंबीच्या खेळांत ही थाप म्हणजे हार मानल्याची खूण, आणि ती न पाळणारा हॉल सोडून द्यावा. मुलींना शिकवताना पकड कशी धरणार हे आधी सांगतात का? पालकांना बसू देतात का? बसू देत नसतील तर तिथं मूल पाठवू नका. मग अंतर. उन्हाळ्यात सायंकाळी सहालाही आपल्याकडे झळा असतात, शेवटची एसटी लवकर असते. गावातली साधी तालीम आणि तीस किलोमीटरवरचा नावाजलेला क्लास यांत मी निवड गावातल्या तालमीची करायला सांगते, वस्ताद बरा असेल तर.

नोकरीच्या आशेनं येणाऱ्यांसाठी. राज्याच्या शासकीय नोकऱ्यांत खेळाडूंना 5 टक्के आरक्षण आहे, पण ते मान्यताप्राप्त खेळातल्या, ठरावीक पातळीवरच्या कामगिरीला. एकाच खेळाच्या अनेक संघटना असतात आणि त्यांतल्या काहींचं "राष्ट्रीय" प्रमाणपत्र भिंतीवर लावण्यापलीकडे कामाला येत नाही. स्पर्धेची फी भरण्याआधी जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात जाऊन खेळ आणि संघटना दोन्ही मान्य आहेत का विचारा. पुढे प्रमाणपत्राची पडताळणी विभागीय उपसंचालक कार्यालयात होते. मराठवाड्यात अशी कार्यालयं छत्रपती संभाजीनगर आणि लातूरला आहेत. शाळेतल्या मुलांनी शालेय स्पर्धांची जिल्हा, विभाग, राज्य ही वाट धरावी, ती सगळ्यात सरळ. संभाजीनगरला विद्यापीठाच्या आवारात भारतीय क्रीडा प्राधिकरणाचं केंद्र आहे, तिथं बॉक्सिंग, तलवारबाजी अशा खेळांसाठी निवड चाचण्या होतात. शिकवायचं मनात असेल तर पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेचा एक वर्षाचा पदविका अभ्यासक्रम करा. ज्यांना घर सोडून वर्षभर जाता येत नाही त्यांच्यासाठी सहा आठवड्यांचा प्रमाणपत्र अभ्यासक्रमही आहे. माझ्या अनुभवात हा मार्ग पैशानं मोठा नाही. सुरुवातीला बहुतेक प्रशिक्षक सकाळी दुसरी नोकरी करून संध्याकाळी शिकवतात.

आणि दहावीचं वर्ष आलं म्हणून खेळ तोडू नका, ही पालकांना विनंती. आठवड्याचे सहा दिवस तीन करा, स्पर्धा सोडा, पण अंग हलतं ठेवा. परीक्षेच्या वर्षात तीन दिवस येणारी मुलं जास्त शांत असतात, हे त्यांच्या आयाच मला सांगतात.

पहिल्या दिवशी नवा पोशाख विकत घेऊ नका. जुनी सुती पॅन्ट आणि घट्ट शिवणीचा टीशर्ट पुरतो, महिनाभर टिकलात की मग पोशाख शिवा. हातापायाची नखं कापून या. अंगठी, बांगड्या, कानातलं, गळ्यातलं घरी ठेवा, केस कापडी रबरानं बांधा, पिन नको. दोन तास आधी पोटभर जेवू नका, पाण्याची बाटली स्वतःची आणा. पूर्वीचं दुखणं, मोडलेलं हाड, दमा, फिट, पाळीचा त्रास, जे असेल ते शिक्षकाला पहिल्याच दिवशी सांगा. दुसऱ्या दिवशी मांड्या आणि मान ठणकतील, तरी तिसऱ्या दिवशी या. सांध्यात कळ आली किंवा सूज दिसली तर मात्र थांबा आणि डॉक्टरला दाखवूनच परत या.