मंत्रचळ आणि जाड फाइल: ओसीडीमागचं शारीरिक कारण शोधताना या चुका टाळा

माझ्या मावसभावाची फाइल दोन बोटं जाड झाली होती. टीएसएच, बी-१२, डी-३, एएनए, एएसओ, मेंदूचा एमआरआय, ईईजी. दिवसाला साबणाची एक वडी संपवणाऱ्या त्या १९ वर्षांच्या मुलाला दोन वर्षांत कुणी एवढंच विचारलं नव्हतं, की बाबा रे, हे सुरू कधी झालं? विचारलं असतं तर मावशीने सांगितलं असतं, सातवीत. आधी वहीत खाडाखोड झाली की अख्खं पान फाडून पुन्हा लिहायचा, मग दप्तर तीनतीनदा तपासायचा, हात धुणं आलं ते दहावीनंतर. एवढ्या उत्तरावर निम्म्या तपासण्या वाचल्या असत्या.

ओसीडी म्हणजे नको ते विचार सारखे डोक्यात येणं आणि तीच कृती पुन्हा पुन्हा केल्याशिवाय राहवत नाही असा आजार. त्याला आपल्याकडे मंत्रचळ म्हणतात. बहुतेक रुग्णांत त्यामागे दुसरा कुठला शारीरिक आजार सापडत नाही. थोड्यांत सापडतो, आणि तो नजरेतून सुटला तर महागात पडतो. म्हणूनच अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या २०१३ च्या डीएसएम-५ या वर्गीकरणात दुसऱ्या आजारामुळे झालेली ओसीडी आणि औषधामुळे किंवा नशेच्या पदार्थामुळे झालेली ओसीडी अशा वेगळ्या नोंदी आहेत. तेव्हा "शरीरात काही बिघाड तर नाही ना?" हा प्रश्न रास्तच. चूक होते ती बहुतेक वेळा क्रमात.

आधी पॅकेज, मग हकीकत

'फुल बॉडी चेकअप'मध्ये मंत्रचळाचं कारण सापडेल, ही आशा सोडून द्या. ते सापडतं तीन गोष्टींच्या उत्तरात: वय काय, वेग किती, आणि सोबत आणखी काय.

वयाचं गणित असं. ओसीडी बहुधा दहाव्या वर्षाच्या आसपास किंवा विशीच्या आगेमागे डोकं वर काढते. पस्तिशीनंतर ती पहिल्यांदाच सुरू होणं कमी, आणि पन्नाशीनंतर झाली तर न्यूरॉलॉजिस्टला दाखवायलाच हवं. पंचावन्न वर्षांचे काका अचानक प्लॅस्टिकच्या पिशव्या साठवू लागले, रोज त्याच रस्त्याने त्याच वेळी फिरायचा हट्ट धरू लागले, चारचौघांत नको ते बोलू लागले, तर घरातले म्हणतात, "म्हातारचळ." तो फ्रंटोटेम्पोरल डिमेन्शिया, म्हणजे मेंदूच्या पुढच्या आणि बाजूच्या भागांची झीज होणारा आजार असू शकतो. ओळखायची एक खूण आहे. मंत्रचळाचा रुग्ण बहुधा म्हणतो, "हे खुळ्यासारखं आहे ते कळतंय हो, पण राहवत नाही." काकांना त्याचं काहीच वाटत नाही. त्रास घरच्यांना होतो, त्यांना नाही.

वेगही तितकाच बोलका. वर्षभरात हळूहळू वाढलेली सवय आणि "मंगळवारपर्यंत बरा होता, बुधवारी उठला तो असा" या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सोबत ताप, झटके, बरळणं, तोंडाच्या विचित्र हालचाली, झपाट्याने बिघडलेली स्मृती असं काही असेल तर मेंदूला सूज असू शकते. तिथे मानसोपचारतज्ज्ञाच्या अपॉइंटमेंटची वाट पाहू नका, थेट रुग्णालय गाठा. याउलट हात थरथरणं, बोलणं अडखळणं, अक्षर बिघडणं, मध्येच काही क्षण हरवल्यासारखं होणं या गोष्टी घरचे सांगतच नाहीत, कारण त्यांना वाटतं त्यांचा इथे काय संबंध. सांगा.

घरातल्या औषधांच्या डब्याकडे दुर्लक्ष

ही चूक टाळायला खर्च शून्य आहे आणि तरी ती सर्रास होते. स्किझोफ्रेनियासाठी दिलं जाणारं क्लोझापिन काही रुग्णांत मंत्रचळाची लक्षणं नव्याने निर्माण करतं किंवा असलेली वाढवतं. औषध सुरू झाल्यावर काही आठवड्यांनी, कधी महिन्यांनी. ओलान्झापिन आणि रिस्पेरिडोनबाबतही अशा नोंदी आहेत. पार्किन्सनच्या रुग्णांत प्रामिपेक्सोल, रोपिनिरोल किंवा लेव्होडोपामुळे माणूस तासन्‌तास एकच निरर्थक काम करत बसतो: खिळे वेगळे लाव, रेडिओ उघड, पुन्हा जोड. ते काटेकोरपणे ओसीडी नव्हे, पण घरच्यांना तसंच दिसतं. डॉक्टरांकडे जाताना गोळ्यांची पाकिटंच घेऊन जा, तोंडी यादीवर विसंबू नका. मात्र मूळ औषध स्वतःच्या मनाने बंद करू नका. क्लोझापिन एकाएकी थांबवलं तर मूळ आजार उसळतो.

एएसओ वाढला म्हणजे निदान झालं

लहान मुलांच्या पालकांची सर्वांत जास्त फसगत इथे होते, म्हणून जरा सविस्तर.

१९९८ मध्ये अमेरिकेतल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेतल्या सुसान स्वीडो आणि सहकाऱ्यांनी ५० मुलांचं वर्णन प्रसिद्ध केलं. घशाच्या स्ट्रेप्टोकोकस जंतुसंसर्गानंतर या मुलांत मंत्रचळ किंवा टिक्स (डोळे मिचकावणं, खांदे उडवणं अशा आपोआप होणाऱ्या हालचाली) अचानक सुरू झाले होते किंवा भडकले होते. त्याला 'पँडास' हे नाव मिळालं. पुढे २०१२ मध्ये संसर्गाची अट सैल करून 'पॅन्स' ही व्यापक संकल्पना मांडली गेली. तिच्या वर्णनात एकाएकी सुरू झालेल्या मंत्रचळासोबत किंवा खाणं तुटण्यासोबत आईला घट्ट चिकटून राहणं, चिडचिड, अक्षर बिघडणं, सारखं लघवीला जाणं, अंथरूण ओलं करणं असंही काही दिसतं. हे सगळं आलं आणि नाव तोंडातोंडी झालं, आणि मग प्रत्येक हात धुणाऱ्या मुलाचा एएसओ, म्हणजे रक्तातली स्ट्रेप्टोकोकसविरोधी प्रतिपिंडं मोजणारी तपासणी, काढला जाऊ लागला.

अडचण अशी, की एएसओ एवढंच सांगतो की शरीराची स्ट्रेप्टोकोकसशी मागे कधीतरी गाठ पडली होती. संसर्गानंतर आठवड्याभरात तो वाढू लागतो, तीन ते सहा आठवड्यांत शिखर गाठतो आणि नंतर कित्येक महिने वरच राहू शकतो. शाळेत जाणाऱ्या, घसा वरचेवर धरणाऱ्या मुलांत तो वाढलेला सापडणं यात नवल काय? एका आकड्यावरून मंत्रचळाचं खापर घशावर फोडता येत नाही. काही आठवड्यांच्या अंतराने दोनदा केलेली तपासणी, घशाचं कल्चर आणि मुख्य म्हणजे 'अचानक' ही हकीकत जुळली तरच त्या दिशेने विचार करायचा. नुसत्या एएसओवर महिनोन्‌महिने अँटिबायोटिक चालू ठेवलेली मुलं आपल्याकडे दिसतात. मला याचा राग येतो, कारण त्या काळात मूळ उपचार थांबलेला असतो.

आणि याच्या नेमकी उलट चूकही आहे. संधिवाताच्या तापातून होणारा सिडनहॅम कोरिया आपल्या देशात अजून संपलेला नाही. त्यात हातापायांच्या आपोआप होणाऱ्या वेड्यावाकड्या हालचाली दिसतात, पण त्याआधी काही आठवडे मूल रडवेलं, हट्टी, मंत्रचळी झालेलं असू शकतं. हा कोरिया संसर्गानंतर कित्येक महिन्यांनी उगवतो, तोवर एएसओ उतरलेलाही असतो. म्हणजे रिपोर्ट नॉर्मल आणि आजार हजर! मुलाला जीभ बाहेर काढून धरायला सांगा. ती आतबाहेर होत राहिली, तुमची दोन बोटं मुठीत धरताना पकड कधी घट्ट कधी सैल झाली, हातातला पेला वरचेवर पडू लागला, तर बालरोगतज्ज्ञांना हे शब्दशः सांगा. इथे हृदयाची टू-डी इको लागते, कारण झडपांना इजा झालेली असू शकते आणि पेनिसिलिनची इंजेक्शनं पुढे कित्येक वर्षं घ्यावी लागतात. ही इको चुकली तर नुकसान मंत्रचळापेक्षा मोठं आहे.

बी-१२ कमी निघालं, कारण सापडलं!

पुण्यात डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या चमूने गर्भवतींच्या अभ्यासात दाखवून दिलं, की बी-१२ ची कमतरता आपल्याकडे अपवाद नाही, निम्म्याहून अधिक बायकांत ती होती. शाकाहारी घरात ते कमी निघणारच. त्या कमतरतेवर उपचार करा, जरूर करा. थायरॉइड बिघडलेला असेल तर तोही. पण इंजेक्शनांचा कोर्स झाला की हात धुणं थांबेल, असं म्हणून सहा महिने वाट पाहू नका. जे निम्म्या गावात कमी आहे, ते एकट्या तुमच्या मुलाच्या मंत्रचळाचं कारण असेलच असं नाही. दोन्ही उपचार एकाच वेळी चालू शकतात.

एमआरआय कुणाला हवा, कुणाला नको

किशोरवयात हळूहळू सुरू झालेला मंत्रचळ, तपासणीत मज्जासंस्थेची कुठलीच खूण नाही, तर एमआरआय बहुधा काही देत नाही. वर एखादा निरुपद्रवी ठिपका निघाला की घरभर घबराट, आणि मंत्रचळी माणसाला चघळायला आणखी एक विषय.

गरज असते ती वेगळ्यांना. बंद न्हाणीघरात गॅस गिझर चालू असताना कुणी बेशुद्ध पडलं, शुद्धीवर आलं, घरी आलं, आणि काही आठवड्यांनी वागणं बदललं, तर कार्बन मोनॉक्साइडने मेंदूच्या तळाशी असलेल्या बेसल गँग्लिया या भागाला इजा झालेली असू शकते. मंत्रचळाचं चक्र फिरतं ते याच भागातून. "तो तर तेव्हाच बरा झाला होता" म्हणून तो प्रसंग गाळू नका.

तरुण वयात थरथर, अडखळतं बोलणं, जोडीला यकृताची तक्रार असेल तर विल्सनचा आजार पाहावा लागतो: शरीरात तांबं साठतं. रक्तातलं सेरुलोप्लाझमिन, २४ तासांच्या लघवीतलं तांबं, आणि नेत्रतज्ज्ञाने स्लिट लॅम्पखाली बुबुळाभोवती पाहिलेलं तपकिरी कडं. हा आजार औषधाने आटोक्यात येतो आणि आनुवंशिक असल्याने सख्ख्या भावंडांनाही तपासावं लागतं. हातापायांना मुंग्या, वांब, झटके येत असतील तर रक्तातलं कॅल्शियम पाहतात. मेंदूत ते साचल्याच्या खुणा एमआरआयपेक्षा साध्या सीटी स्कॅनमध्ये चांगल्या दिसतात.

बाळंतिणीचं गप्प राहणं

बाळंतपणानंतर मंत्रचळ सुरू होणं किंवा वाढणं नवं नाही. "माझ्या हातून बाळाला काही होईल" हा विचार तिला इतका घाबरवतो, की ती सुरीला हात लावत नाही, बाळाला अंघोळ घालत नाही आणि कुणाला बोलतही नाही. थायरॉइड तपासावा, कारण याच काळात तो बिघडतो. पण तिला राक्षसीण ठरवू नये. विचाराची किळस वाटणं हीच मंत्रचळाची खूण. ती जर म्हणत असेल, की आवाज ऐकू येतात, बाळ बदललंय, त्याला मारायची आज्ञा झालीय, तर ती बाब वेगळी, आणि त्याच रात्री रुग्णालयात न्यायची.

रिपोर्ट नॉर्मल, म्हणजे नाटक?

"सगळं नॉर्मल आहे, आता मन खंबीर कर." हे वाक्य आमच्या घरात चार जणांनी तरी म्हटलं. नॉर्मल रिपोर्टचा अर्थ दुसरा आजार सापडला नाही, इतकाच. आजार नाही असा नव्हे.

दुसरी गोची अधिक सूक्ष्म आहे. ज्याला आजाराचीच धास्ती आहे, त्याच्यासाठी तपासणी हाच एक विधी बनतो. रिपोर्ट आला की दोन दिवस शांत, तिसऱ्या दिवशी "लॅब चुकली असेल तर?" मग दुसरी लॅब. आपण प्रेमापोटी पैसे भरतो आणि चक्राला वंगण घालतो. म्हणून कुठल्या तपासण्या, कशासाठी आणि शेवटची कोणती, हे डॉक्टरांसोबत आधीच ठरवून घ्यावं. काही तपासण्या तर कारणासाठी नसतातच, औषध निर्धोकपणे देता यावं म्हणून असतात: मंत्रचळावरच्या क्लोमिप्रामिन या औषधाआधी ईसीजी, वयस्कर माणसाला एसएसआरआय गटातल्या (मंत्रचळावर नेहमी दिल्या जाणाऱ्या) गोळ्या देताना रक्तातलं सोडियम. त्या टाळू नका. मंत्रचळावरच्या गोळ्यांचा परिणाम दिसायला आठ ते बारा आठवडे लागतात, आणि सोबत ईआरपी ही वर्तनोपचार पद्धत लागते: भीती वाटते त्या गोष्टीला सामोरं जायचं, पण ती ठरावीक कृती करायची नाही. कुठून सुरुवात करावी कळत नसेल तर सरकारची टेलिमानस ही हेल्पलाइन १४४१६ वर मराठीतही बोलते.

मावशीने अखेर कालनिर्णयच्या जुन्या पानामागे सगळं लिहून काढलं: कधीपासून, काय आधी, काय नंतर, कोणत्या गोळ्या, घरात कुणाला काय. नव्या डॉक्टरांनी ते पान दोनदा वाचलं. त्याला चालायला लावलं, हात पुढे धरायला लावले, जीभ पाहिली, भेगाळलेल्या तळव्यांवर बोट फिरवलं आणि विचारलं, "दिवसातून किती वेळा?" तो म्हणाला, "मोजायचं थांबवलंय." फाइल टेबलावर मिटलेलीच राहिली. लिहून मिळाला तो फक्त एक ईसीजी.