पिल्लू जंगलात सोडण्यापूर्वीचे लसीकरण : नव्या पशुवैद्यकांसाठी

नागपूरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयातून पदवी घेऊन वन्यजीव आरोग्याच्या कामात शिरलो, तेव्हा या कामाचे चित्र माझ्या मनात बेशुद्धीची बंदूक आणि वाघ एवढेच होते. प्रत्यक्षात, आईपासून दुरावलेली वाघ-बिबट्यांची पिल्ले जंगलात परत सोडण्याच्या तयारीत माझा बहुतेक वेळ थंड डब्याचे तापमान पाहण्यात, नोंदवही भरण्यात आणि कोणती लस द्यायची नाही हे ठरवण्यात गेला.

हा शेवटचा मुद्दा नवख्याने आधी समजून घ्यावा. कुत्र्यांच्या डिस्टेंपर या विषाणूजन्य, अनेकदा जीवघेण्या आजारावरील नेहमीची लस जिवंत, पण क्षीण केलेल्या विषाणूची असते. कुत्र्याला ती मानवते. मात्र अमेरिकेतील काळ्या पायांच्या फेरेटमध्ये (मुंगसासारखा दिसणारा छोटा मांसाहारी प्राणी) आणि बंदिवासातील लाल पांडांमध्ये अशा लशीनेच डिस्टेंपर झाल्याची उदाहरणे आहेत. म्हणून औषधांच्या दुकानात सहज मिळणारी कुत्र्यांची संयुक्त लस (डिस्टेंपरसह अनेक रोगांवरची एकत्र लस) बिबट्याच्या पिल्लाला टोचू नये, वरिष्ठ कितीही घाईत असले तरी. 2018 मध्ये गीरमध्ये वीसहून अधिक सिंह दगावले, काहींत डिस्टेंपरचा विषाणू आढळला आणि लस अमेरिकेतून मागवावी लागली. पॅनल्यूकोपेनिया (मांजरकुळातला एक विषाणूजन्य आजार) व रेबीज यांच्या मृत विषाणूच्या लशी त्या मानाने निर्धोक असतात, पण त्यांची पुन्हा मात्रा द्यावी लागते.

मात्रांचे गणितही कागदावर दिसते तितके सरळ नाही. आईच्या चिकातून आलेली प्रतिद्रव्ये लशीचा परिणाम हाणून पाडतात, म्हणून साधारण आठव्या आठवड्यापासून सोळाव्यापर्यंत तीन-चार आठवड्यांच्या अंतराने लस देतात. परंतु शेतात सापडलेल्या पिल्लाचे वय कोण सांगणार? ते दातांवरून ताडावे लागते. शिवाय प्रत्येक टोचणीगणिक पिल्लाची माणसाबद्दलची भीती चेपत जाते, आणि तीच भीती पुढे त्याला गावापासून दूर ठेवणार असते. त्यामुळे मोठ्या पिल्लाला तपासणीसाठी एकदा बेशुद्ध केले की रक्त, वजन, लस हे सर्व त्याच वेळी उरकावे.

एका मे महिन्यात पेंचच्या बाजूला लस नेताना मी बर्फाच्या पिशव्या फ्रीझरमधून काढून थेट डब्यात भरल्या. तिथे पोहोचून कुपी हातात घेतली, तर काचेला चिकटलेला बर्फाचा पापुद्रा दिसला आणि वितळल्यावर तळाशी पांढरा गाळ बसला. मृत लस 2 ते 8 अंश सेल्सियसमध्ये ठेवावी लागते. नागपूरच्या उन्हापासून ती सगळेच जपतात, गोठण्यापासून फारसे कोणी जपत नाही. सर्व कुप्या टाकून द्याव्या लागल्या. चूक सर्वस्वी माझी होती. तेव्हापासून बर्फाची पिशवी हलवल्यावर आत पाणी खुळखुळल्याशिवाय मी ती डब्यात ठेवत नाही, आणि कुपीभोवती पुठ्ठा गुंडाळतो.

परवानगीची बाजू थोडक्यात सांगतो : वाघ आणि बिबट्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूची एकमध्ये असल्याने मुख्य वन्यजीव रक्षकांच्या लेखी आदेशाशिवाय पिंजऱ्याजवळ सुई नेऊ नये. या कामासाठी लागणाऱ्या पशुवैद्यकीय पदवीचा मार्ग नीट या प्रवेश परीक्षेतून जातो आणि आंतरवासितेसह साडेपाच वर्षे लागतात.

त्या वर्षांतल्या सुट्ट्या जंगलालगतच्या गावांत कुत्र्यांच्या लसीकरण शिबिरांना द्याव्यात. सोडलेले पिल्लू पुढे याच कुत्र्यांच्या संपर्कात येणार असते, आणि अंगणात दावणीला न बांधलेले कुत्रे मालकाच्या मांडीखाली धरवून टोचायची सवय तिथेच लागते. रक्ताच्या नमुन्याच्या नळीवरची नोंद मात्र पेन्सिलीने करावी. बर्फाच्या ओलीने पेनाची शाई पसरते.