नवताऱ्याची खबर येण्याआधी

2021 च्या ऑगस्टमध्ये भुजंगधारी तारकासमूहातला आरएस हा तारा पंधरा वर्षांनी पुन्हा भडकला आणि साध्या डोळ्यांना दिसेल इतका, साडेचार प्रतीपर्यंत (प्रत म्हणजे तेजाचं माप; आकडा लहान तितका तारा उजळ) चढला. आमच्याकडे रत्नागिरीला तेव्हा पागोळ्या थांबत नव्हत्या. पावसापुढे इलाज नाही. पण दिवाळीपासून मेपर्यंतच्या उघड्या आभाळात नवताऱ्याची खबर यावी आणि तयारी नाही म्हणून रात्र हुकावी, याचं मला फार वाईट वाटतं. श्वेत बटूवर, म्हणजे आक्रसलेल्या मृत ताऱ्यावर, साठलेला हायड्रोजन पेटला की तारा पाहता पाहता उजळतो; हाच नवतारा. ती चढण बहुतेक वेळा पहिल्या एक-दोन रात्रींतच सापडते. खबर संध्याकाळी कळते, म्हणून बाकी सगळं आधीच झालेलं हवं.

जागा दिवसाउजेडी पाहून ठेवा. किनाऱ्यावर पश्चिम मोकळी मिळते, पण एलईडी दिव्यांच्या मासेमारी होड्या आल्या की ती बाजू गेलीच. मला सडा, म्हणजे कातळाचं उघडं पठार, बरा वाटतो. तिथे दक्षिण उघडी असावी, हे आवर्जून बघा. डिसेंबर 2013 मध्ये नरतुरंग तारकासमूहात मित्रक ताऱ्याजवळ चांगला ठळक नवतारा दिसला होता. आपल्या अक्षांशावरून तो क्षितिजापासून फार तर 14 अंश वर येतो. मध्ये आमराई आली तर संपलं. सड्यावर फुरसं असतं, तेव्हा पायात बूट, हातात काठी, आणि अंधारात दगडावर हात टेकायचा नाही. मार्च-एप्रिलात आसपास भाजावळ चालू असेल तर धुराची नोंदही वहीत करा.

दुर्बीण साधी दहा गुणिले पन्नासची (दहापट मोठं दाखवणारी, पन्नास मिलिमीटर भिंगाची) द्विनेत्री पुरते. ती हवाबंद डब्यात सिलिका जेलसोबत ठेवा. निळे दाणे गुलाबी झाले की बदला, नाहीतर आपल्या हवेत एका पावसाळ्यात भिंगावर बुरशी धरते. खाऱ्या हवेचा थर कापडाने कोरडा पुसू नका, चरे पडतात. आधी रबरी फुग्याने हवा मारा. विजेरीच्या तोंडाला आकाशकंदिलाचा लाल जिलेटीन कागद दोन पदरी बांधा आणि डोळ्यांना अर्धा तास अंधाराची सवय होऊ द्या. कानटोपी, पाणी, आणि घरी सांगून निघणं आलंच.

नकाशे मात्र छापून न्या, सड्यावर नेटचा भरवसा नाही. रूपविकारी, म्हणजे तेज बदलणाऱ्या, ताऱ्यांच्या निरीक्षकांची अमेरिकेतली संघटना, 1911 पासूनची एएव्हीएसओ, ताऱ्याचं नाव दिलं की तुलनाताऱ्यांसह (ज्यांची प्रत आधीच ठाऊक आहे असे शेजारचे तारे) नकाशा फुकट काढून देते. त्यावर 56 लिहिलं असेल तर ती प्रत 5.6; दशांशचिन्हाचा ठिपका तारा वाटू नये म्हणून गाळलेला असतो. कागद प्लास्टिकच्या पिशवीत ठेवा आणि लिहायला पेन्सिल घ्या, दहिवर पडलं की शाई पसरते. उत्तर मुकुट या तारकासमूहाचा नकाशा तर कायम पिशवीत असू द्या. तिथला टी हा तारा एरवी दहाव्या प्रतीचा. 1866 आणि 1946 मध्ये तो साध्या डोळ्यांना ठळक दिसला होता आणि आठवड्याभरात मावळला. त्या कमानीतले सात तारे तोंडपाठ असतील तर आठवा लगेच खटकेल.

तेजाचा अंदाज करण्याचा सराव ओळखीच्या ताऱ्यांवर आधीच करा. नवताऱ्यापेक्षा थोडा तेजस्वी एक आणि थोडा मंद एक असे दोन तुलनातारे घ्या, शक्यतो त्याच उंचीवरचे. क्षितिजापासून 10 अंशांवर प्रकाश डोक्यावरच्या साडेपाच पट हवेतून येतो, तेव्हा वरच्या ताऱ्याशी तुलना फसवते. एक 5.6, दुसरा 6.2 आणि नवतारा पहिल्यापासून तिसऱ्या हिश्शावर वाटला, तर 5.8. लालसर तारा टक लावून पाहिला की जास्त उजळ भासतो, म्हणून झटकन नजर टाकून काढा. आणि माझी कळकळीची विनंती: स्वतःचा आकडा वहीत उतरेपर्यंत दुसऱ्या कुणाचा आकडा पाहू नका. एकदा 6.1 वाचलं की डोळा 6.1 च शोधतो, आणि असल्या नोंदीचा कुणालाच उपयोग नसतो.

वेळ जागतिक लिहा, म्हणजे भारतीय वेळेतून साडेपाच तास वजा. मध्यरात्रीनंतर इथेच चुकतं: 15 तारखेला रात्री दोन वाजता पाहिलं तर जागतिक वेळ 14 तारखेचे 20:30. ज्युलियन दिवस, म्हणजे खगोलातली दिवसांची सलग मोजणी, आपल्याकडे संध्याकाळी साडेपाचला बदलतो, त्यामुळे अख्खी रात्र एकाच आकड्यात बसते. वेळेशेजारी तुलनाताऱ्यांचे आकडे, नकाशाचा क्रमांक आणि ढग-चंद्राचा शेरा.

वहीत पुढची निदान वीस पानं कोरी ठेवा. दुसऱ्या रात्रीपासून तीच दुर्बीण, शक्य तोवर तेच तुलनातारे, आणि तारा दिसेनासा झाल्यावरही त्या रात्री दिसलेला सगळ्यात मंद तुलनातारा लिहून शेजारी ‘याहून मंद’.