सीसीटीव्ही असूनही चोर ओळखू येत नाही? या चुका टाळा

सोनसाखळी गेली, दुकान फुटलं, सोसायटीतून दुचाकी गेली की पोलीस आधी विचारतात, ‘कॅमेरा आहे का?’ नाशिकमध्ये सिडको असो, इंदिरानगर असो की पंचवटी, उत्तर बहुतेक वेळा ‘आहे’ असंच येतं. मग फुटेज उघडतं आणि दिसतं काय, तर एक आकृती येते, काहीतरी उचलते आणि जाते. आकृती कोणाची, ते कळत नाही. कॅमेऱ्याने घटना टिपणं आणि कॅमेऱ्यावरून माणूस ओळखता येणं ही दोन वेगळी कामं आहेत. दुसऱ्या कामासाठी वेगळी जागा, वेगळी लेन्स आणि फुटेज हाताळायची वेगळी शिस्त लागते. यातलं फारसं काही महाग नाही, पण बसवताना घाई झाली तर ते हमखास राहून जातं.

एकाच कॅमेऱ्यात सगळं दिसलं पाहिजे, हा हट्ट

सर्वांत जास्त नुकसान या हट्टाने होतं. सोसायटीच्या बैठकीत ठरतं की गेट, पार्किंग, रस्ता आणि समोरची भिंत एकाच कॅमेऱ्यात यावी. इन्स्टॉलर २.८ मिमी लेन्सचा बुलेट (लांबट नळीसारखा) कॅमेरा पहिल्या मजल्याच्या स्लॅबखाली ठोकतो, मोबाईलवर चित्र दाखवतो आणि सगळे खूश होतात.

आता हिशेब बघा. आयईसी ६२६७६-४ या आंतरराष्ट्रीय मानकाच्या २०१४ च्या आवृत्तीत दर मीटरमागे किती पिक्सेल मिळतात यावरून चित्राचा दर्जा ठरवला आहे. कोणीतरी आहे एवढं कळायला २५, ओळखीचा माणूस ओळखायला १२५ आणि अनोळखी माणसाची खात्रीने ओळख पटवायला २५० पिक्सेल. नेहमीच्या १/२.८ इंची सेन्सरवर २.८ मिमीची लेन्स जितक्या अंतरावर बघते, त्याच्या निदान दुप्पट रुंदी टिपते. गेट १० मीटरवर असेल तर चित्राची रुंदी २० मीटर होते. २ मेगापिक्सेल कॅमेऱ्याची आडवी ओळ १९२० पिक्सेलची, म्हणजे मीटरमागे ९६ पिक्सेल. माणसाचा चेहरा साधारण १६ सेंमी रुंद धरला तर पदरात पडतात १५ पिक्सेल. एवढ्यात डोळे कुठे आणि मिशी आहे की नाही, हेसुद्धा ठरत नाही. तोच कॅमेरा ६ मिमी लेन्सने घेतला तर ८ मीटरपर्यंत २५० पिक्सेल मिळतात. २.८ मिमीला हेच अंतर जेमतेम पावणेचार मीटर आहे.

उंचीचंही तसंच. साडेतीन मीटरवरचा कॅमेरा दोन मीटर पुढे आलेल्या माणसाला ४० अंशांहून जास्त उतारातून बघतो. टोपीची चोच, केस आणि खांदे दिसतात, चेहरा दिसत नाही. ओळखीसाठीचा कॅमेरा २.२ ते २.४ मीटरवर लावा आणि माणूस तीन मीटरवर असताना चेहरा पकडा. कोन १५ अंशांच्या आसपास राहतो. हात पोचेल, फोडतील, ही भीती खरी आहे. त्यासाठी आयके१० दर्जाचा, म्हणजे जोरदार मार सोसणारा, घुमटाकार डोम कॅमेरा मिळतो, तो घ्या. भीतीपोटी कॅमेरा वर नेण्यात अर्थ नाही.

म्हणून प्रत्येक आवारात एक कॅमेरा फक्त चेहऱ्यासाठी ठेवा, आणि तोही जिथून माणसाला जावंच लागतं अशा अरुंद जागी. गेटचं छोटं दार, जिन्याचा पहिला टप्पा, लिफ्टचं तोंड, दुकानाचं दार. बाकीच्या कॅमेऱ्यांनी मोकळी जागा बघावी. दुकानाच्या दारातला कॅमेरा बाहेरच्या उजेडाकडे बघत असेल तर डब्ल्यूडीआर (उजेड आणि सावली दोन्ही नीट दाखवणारी सोय) चालू करा, नाहीतर कॉलेज रोडच्या दुपारच्या उन्हात आत येणारा प्रत्येक जण काळी सावली होऊन येतो.

पैसे देण्याआधी तपासणी करून घ्या. एक मीटरची पट्टी चेहऱ्याच्या उंचीवर आडवी धरून एकाला नेमक्या जागी उभं करा, रेकॉर्डिंगमधून फोटो काढा आणि तो पेंटमध्ये उघडून पट्टीच्या दोन टोकांमधले पिक्सेल मोजा. नंतर रात्री दिवे नेहमीसारखे ठेवून त्याच माणसाला नेहमीच्या चालीने चालायला लावा आणि चित्र पुन्हा बघा. जिवंत दृश्य बघून समाधान मानू नका. तपासात उपयोगी पडतं ते रेकॉर्डिंग. पाच मिनिटांची ही चाचणी टाळून ‘साहेब, एचडी आहे’ म्हणणाऱ्याला काम देऊ नये.

हार्ड डिस्कच्या दिवसांचं गणित

दोन एमबीपीएस (सेकंदाला दोन मेगाबिट) वेगाने एक कॅमेरा दिवसाला सुमारे २१.६ जीबी लिहितो. आठ कॅमेरे आणि १ टीबीची डिस्क असेल तर सहा दिवसही पुरत नाहीत. दिवाळीला गावी गेलेलं कुटुंब आठ दिवसांनी परततं, कुलूप तुटलेलं दिसतं आणि त्या रात्रीवर नवं रेकॉर्डिंग केव्हाच बसलेलं असतं. दिवस वाढवायला काही जण वेग ५१२ केबीपीएसवर आणतात. दिवस वाढतात खरे, पण चालत्या माणसाचा चेहरा चौकोनी तुकड्यांचा होतो. आठ कॅमेऱ्यांचं ३० दिवसांचं रेकॉर्डिंग हवं तर ६ टीबी घ्या आणि वेगाला हात लावू नका.

रात्रीच्या चित्रावरून कपड्यांचा रंग सांगणं

रात्री कॅमेऱ्याचा इन्फ्रारेड उजेड (डोळ्यांना न दिसणारा) चालू झाला की चित्र कृष्णधवल होतं, आणि त्यातला उजळ-गडदपणाही खरा नसतो. काळा सिंथेटिक शर्ट तिथे चक्क पांढुरका दिसू शकतो. ‘पांढरा शर्टवाला’ असा निरोप वायरलेसवरून गेला की शोध चुकीच्या माणसामागे लागतो. रात्रीच्या फुटेजवरून रंग सांगूच नका. बाह्या, पट्टे, बॅगेचा आकार आणि पादत्राणं सांगा. पळताना शर्ट बदलणारे बूट क्वचितच बदलतात.

कोळ्याचं जाळं इन्फ्रारेडने उजळतं आणि सगळं चित्र खातं. महिन्यातून एकदा कोरड्या मऊ कपड्याने पुसा.

साध्या कॅमेऱ्याकडून नंबर प्लेटची अपेक्षा

४० च्या वेगाने जाणारी दुचाकी १/२५ सेकंदाच्या शटरमध्ये ४४ सेंमी सरकते. तिची मागची पाटीच २० सेंमी रुंद असते. नंबरासाठी शटर निदान १/५०० हवं, आणि तेवढ्या शटरला रात्री स्वतंत्र उजेड लागतो. त्यातून एचएसआरपी, म्हणजे हाय सिक्युरिटी नंबर प्लेट, प्रकाश परत फेकणारी, त्यामुळे साध्या इन्फ्रारेडमध्ये ती कोरी पांढरी दिसते. नंबरासाठी वेगळा कॅमेरा घ्या आणि तो गतिरोधकावर किंवा गेटवर, गाडी मंदावते तिथे रोखा. नंबर मिळाला म्हणजे चोर मिळाला असंही नाही. गाडी चोरीची किंवा पाटी बनावट असू शकते. तुटलेला आरसा, स्टिकर, वाकलेलं मडगार्ड हेही टिपून ठेवा.

घड्याळाकडे दुर्लक्ष

शहरातल्या तपासात सीसीटीव्हीचा खरा उपयोग मागावर राहायला होतो. समजा, गंगापूर रोडवर साखळी ओढली गेली. तिथल्या कॅमेऱ्यात दोघांच्या तोंडाला रुमाल आहे. म्हणून पुढच्या आणि मागच्या कॅमेऱ्यांतून गाडी शोधत जायचं. गुन्ह्याआधीचा तास जास्त मोलाचा असतो, कारण हेरगिरी करताना, चहाच्या टपरीवर किंवा पेट्रोल पंपावर रुमाल खाली असतो. हा माग वेळेवर चालतो. एखाद्या डीव्हीआरचं (रेकॉर्डिंग साठवणाऱ्या यंत्राचं) घड्याळ ७ मिनिटं चुकलेलं असेल, तर ४० च्या वेगाने तेवढ्यात गाडी साडेचार किलोमीटरहून पुढे गेलेली असते. शोधणारा चुकीच्या सात मिनिटांत बघतो, गाडी दिसत नाही आणि तो दुसऱ्या रस्त्याला लागतो.

वेळ एनटीपीवर (इंटरनेटवरून घड्याळ आपोआप जुळवणाऱ्या सोयीवर) लावा, टाइम झोन जीएमटी +५:३० ठेवा, डेलाइट सेव्हिंग बंद करा. वीज गेल्यावर तारीख मागे जात असेल तर आतला नाण्यासारखा सेल बदला. पण फुटेज मागायला कोणी आलं असेल तर घड्याळ आधी दुरुस्त करू नका. मोबाईलची वेळ आणि डीव्हीआरच्या पडद्यावरची वेळ एकाच फोटोत घ्या, फरक लिहून ठेवा, फुटेज काढा आणि मगच घड्याळ नीट करा.

स्क्रीनचं मोबाईलवर शूटिंग

हे पाहून मन खिन्न होतं. चांगला कॅमेरा, चांगला कोन, स्वच्छ चेहरा, आणि पोलिसांपर्यंत पोचतं काय, तर मॉनिटरसमोर मोबाईल धरून काढलेलं हलतं चित्र. त्यात पडद्यावरच्या रेघा, ट्यूबलाइटचं प्रतिबिंब, मागे ‘थांब, मागे घे’ असे आवाज. व्हॉट्सॲपवर गेल्यावर ते आणखी आकुंचन पावतं. घटनेचा अंदाज द्यायला ते ठीक, ओळखीसाठी नाही. मूळ मात्र कोणी काढत नाही आणि काही दिवसांत ते पुसलं जातं.

पद्धत अशी ठेवा. डिस्क भरत आलेली असेल तर आधी रेकॉर्डिंग थांबवा. घटनेच्या अर्धा तास आधीपासून अर्धा तास नंतरपर्यंत सगळ्या कॅमेऱ्यांचं फुटेज काढा. फक्त ज्यात चोर दिसतो तोच कॅमेरा काढणं हा आळस आहे. बरेच डीव्हीआर फॅट३२ पद्धतीने फॉरमॅट केलेली पेन ड्राइव्हच ओळखतात, तेव्हा ती तयार ठेवा. फाइल कंपनीच्या मूळ फॉरमॅटमध्ये घ्या आणि सोबत प्लेअर घ्या, एमपी४ मध्ये रूपांतर करू नका. जागेवरून हलण्याआधी दुसऱ्या संगणकावर चालवून बघा. मग फाइलची एसएचए-२५६ हॅश काढा, म्हणजे फाइलमध्ये जराही बदल झाला तर बदलणारा तिचा सांकेतिक ठसा. विंडोजमध्ये सर्टयुटिल (certutil) आज्ञा असते, ती पुरते. डीव्हीआरचा मॉडेल आणि सिरियल क्रमांक, काढणाऱ्याचं नाव आणि वेळ वहीत लिहा.

हार्ड डिस्क काढून संगणकाला लावली की विंडोज ‘फॉरमॅट करायची का’ विचारतं. तिथे ‘हो’ दाबायचं नाही. ते काम प्रयोगशाळेचं आहे. पुसलेलं फुटेजही त्यावर नवं लिहिलं जाईपर्यंत परत मिळू शकतं. म्हणून डीव्हीआरशी खेळत बसू नये.

कोर्टाचा भाग काही जणांना कागदी वाटतो, तसा तो नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खाली इलेक्ट्रॉनिक प्रतीसोबत प्रमाणपत्र लागतं. त्यात भाग अ आणि भाग ब असतात, ब तज्ज्ञाचा, आणि हॅशही लिहावी लागते. आधी हेच काम जुन्या कायद्याचं कलम ६५ब करत असे. ते प्रमाणपत्र अनिवार्य असल्याचं सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२० मध्ये सांगितलं ते आपल्याच जालन्याच्या प्रकरणात, अर्जुन खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल या निवडणूक वादात. तिथेही प्रश्न निवडणूक निर्णय अधिकाऱ्याच्या कार्यालयातल्या व्हिडिओ चित्रणाचाच होता. फुटेज असून न्यायालयात न आणणंही महागात पडतं. वाराणसीच्या हॉटेलमधल्या मृत्यूच्या खटल्यात २०१५ मध्ये दोन इटालियन आरोपी निर्दोष सुटले, त्यात हॉटेलचं फुटेज हजर न करणं हा मोठा मुद्दा ठरला.

‘हाच तो!’ म्हणण्याची घाई

सगळ्यांत धोकादायक चूक हीच. यात चोर सुटतोच, शिवाय निरपराध माणूस अडकतो.

१६ जानेवारी २०२५ च्या पहाटे वांद्र्याला अभिनेता सैफ अली खानवर घरात हल्ला झाला. जिन्यातल्या कॅमेऱ्याचं चित्र देशभर फिरलं. १८ तारखेला छत्तीसगडमधल्या दुर्ग स्थानकावर रेल्वे सुरक्षा दलाने एका प्रवाशाला ज्ञानेश्वरी एक्स्प्रेसमधून ताब्यात घेतलं. त्याचा फोटो संशयित म्हणून सगळीकडे झळकला. दुसऱ्या दिवशी ठाण्यातून दुसऱ्याच माणसाला अटक झाली आणि याला सोडून दिलं. नोकरी गेली, ठरलेलं लग्न मोडलं, असं त्याने नंतर माध्यमांना सांगितलं. जानेवारी २०२० मध्ये अमेरिकेतल्या डेट्रॉइट पोलिसांनीही दुकानाच्या अस्पष्ट फुटेजवरून चेहरा ओळखणाऱ्या सॉफ्टवेअरने सुचवलेल्या माणसाला अटक केली होती. तोही दुसराच निघाला. सॉफ्टवेअर फक्त मिळत्याजुळत्या चेहऱ्यांची यादी देतं. ती यादी तपासाची सुरुवात असते, पुरावा नसतो.

याचं कारण माणसाच्या नजरेत आहे. १९९९ मध्ये ब्रिटिश मानसशास्त्रज्ञांनी एका विद्यापीठातल्या प्राध्यापकांचं हलक्या दर्जाचं सीसीटीव्ही फुटेज तीन गटांना दाखवलं: त्या प्राध्यापकांचे विद्यार्थी, अनोळखी विद्यार्थी आणि अनुभवी पोलीस. आपल्या प्राध्यापकांना विद्यार्थ्यांनी जवळजवळ बिनचूक ओळखलं. अनोळखी विद्यार्थी आणि पोलीस, दोघेही सारखेच कमी पडले. चेहरा झाकल्यावर ओळखही कोसळली. अंग किंवा चाल झाकल्याने फारसा फरक पडला नाही. तेव्हा ‘चालीवरून ओळखला’ हा दावा जपूनच घ्यावा.

म्हणून फोटो अनोळखी शंभर जणांच्या ग्रुपवर टाकू नका. त्या भागातला बीट हवालदार, गुन्हे शोध पथक, टपरीवाला, जुना मालक, म्हणजे जो माणूस त्याला खरोखर ओळखत असेल अशांना वेगवेगळं दाखवा. ‘हा अमका ना?’ असं विचारू नका, ‘याला ओळखता का?’ असं विचारा आणि उत्तर शब्दशः लिहा.

ज्याने चोराला प्रत्यक्ष पाहिलं आहे, त्याला तपासी अधिकाऱ्याला विचारल्याशिवाय फुटेज दाखवू नका. पुढे ओळख परेड झाली तर बचाव पक्ष हेच विचारतो की तुम्ही माणूस ओळखला की व्हॉट्सॲपवरचा फोटो? त्या प्रश्नावर चांगला साक्षीदारही गडबडतो.

आणखी काही, थोडक्यात

डीव्हीआर काउंटरखाली ठेवू नका, चोर जाताना तोही नेतात. कुलूपबंद पेटीत, नजरेआड आणि उंचावर ठेवा. सराफ बाजारात तर उंचीला दुसरं कारण आहे: गोदावरीला पूर आला की पाणी दुकानांत शिरतं.

फॅक्टरीचा पासवर्ड त्याच दिवशी बदला. यूपीएस लावा, आणि राउटरही त्यावरच घ्या.

२०२७ च्या सिंहस्थासाठी पंचवटी आणि त्र्यंबकच्या वाटेवरचे दुकानदार, लॉजवाले नवे कॅमेरे घेतील. ऑर्डर देताना कागदावर चार गोष्टी लिहून घ्या: चेहऱ्याच्या कॅमेऱ्याची जागा आणि उंची, लेन्स किती मिमी, मीटरमागे २५० पिक्सेलची चाचणी, आणि किती दिवसांचं रेकॉर्डिंग कोणत्या वेगाने. चाचणीचा फोटो बिलासोबत मिळाल्याशिवाय शेवटचा हप्ता देऊ नका.